साडेचारशे किलोमीटरवरचं मतदान केंद्र

ओमानला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, वाळवंट पाहिलंत का, उंटावर बसलात का, ती अंडी घालायला किनाऱ्यावर येणारी कासवं पाहिलीत का. मी यातलं काहीही पाहिलं नाही. दोन आठवड्यांत मी पाहिली ती पोर्तुगालच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. तीसुद्धा अर्धी. उरलेली अर्धी मला एका बाईने गाडी चालवता चालवता सांगितली. ज्यांना उंट हवेत त्यांनी इथेच थांबावं. मी रागावणार नाही.

वादी अदाई

रेमी माझा विद्यार्थी. वसईच्या शाळेत मी त्याला तीन वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्रात तो कधी वीसपैकी सातच्या वर गेला नाही, आणि ते सातही मी दिलेले, त्याने मिळवलेले नव्हेत. आज तो मस्कतजवळच्या रुसैलला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. पंधरा-सोळा वर्षं झाली. निवृत्तीनंतर मी घरात बसून सौभाग्यवतीला कंटाळा आणला होता, तेवढ्यात त्याचा फोन आला, "सर, तिकीट काढा. बाकी सगळं माझ्याकडे लागलं." मी तिकीट काढलं.

वादी अदाई ही मस्कतच्या रुवीला लागून असलेली, डोंगरांच्या बेचक्यात बसलेली वस्ती. झाड नाही, गवत नाही, नुसता तपकिरी खडक, आणि त्याच्या पायथ्याशी पांढऱ्या इमारती. पहिल्या सकाळी खिडकी उघडली आणि वाटलं, कुणीतरी सह्याद्रीला भाजून ठेवलंय. घरात मात्र पूर्ण वसई. येशूच्या तसबिरीखाली दिवा, फ्रीजवर चर्चचं कॅलेंडर, आणि स्वयंपाकघरात सुरमईचं कालवण. तिथे तिला किंगफिश म्हणतात, त्यामुळे मी पहिल्या दिवशी "किंगफिश नको, साधी सुरमई असेल तर वाढ" असं म्हणून घरादाराला हसवलं.

हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज फ्लोरीचा. फ्लोरी म्हणजे रेमीची बायको. माहेर दमणचं, लग्नानंतर मराठी शिकली ती वसईच्या सासूकडून, त्यामुळे तिचं मराठी रेमीपेक्षा ठसक्याचं. एका मोठ्या हॉटेलात हाऊसकीपिंगची सुपरवायझर. घरातली गाडीही तीच चालवते, कारण ओमानमध्ये लायसन्ससाठी पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यावी लागते, आणि रेमीने तीन परीक्षांत मिळून सात पिंपं पाडली आहेत. इथेही सातच.

"आणि सर, ही आपल्या घरातली फॉरेनर," रेमीने ओळख करून दिली. "पोर्तुगीज पासपोर्ट! मी आणि अ‍ॅश्ली इमिग्रेशनच्या लाइनीत उभे असतो, मॅडम पुढे जाऊन कॉफी पीत असतात."

फ्लोरी हसली नाही. ताट उचलून आत गेली.

नंतर तिनेच सांगितलं. दमणवर पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. तिचे वडील तसे. लेकीच्या शिक्षणासाठी, पुढे युरोपात जाता यावं म्हणून, फ्लोरीने ते घेतलं आणि भारताचा पासपोर्ट परत केला. पोर्तुगाल तिने अजून पाहिलेलं नाही. भाषा येते ती दमणच्या आजीची, मोडकीतोडकी. एकदा कुठल्याशा विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट उलटसुलट करत विचारलं, "तुमच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव काय?" हिला सांगता आलं नाही. त्याने हसून शिक्का मारला.

"सर, शिक्का मारला ना, काही अडलं नाही," फ्लोरी म्हणाली. "पण तो हसला ते राहिलं. आपण चोरीचा माल घेऊन चाललोय असं वाटलं. भारतात असताना मतदानाचं वय झालं आणि लगेच नोकरीला आखातात आले, भारतात कधी मत दिलं नाही. इथे आपल्याला कोण विचारतंय. त्रेचाळीस वर्षांची झाले, अजून कुणी मला विचारलेलं नाही की बाई, तुला कोण हवा."

आणि आता पोर्तुगालमध्ये निवडणूक चालू होती. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नव्हती, म्हणून पहिल्या दोघांत दुसरी फेरी. आपल्याकडे एका मताने पुढे गेलेलाही गुलाल उधळतो. त्यांच्याकडे अर्ध्याच्या पुढे जावंच लागतं. पहिल्या फेरीच्या वेळी फ्लोरीला सुट्टी मिळाली नव्हती. आता दुसरी हुकली तर पुढची पाच वर्षांनी. परदेशातल्या मतदारांना जवळच्या वकिलातीत स्वतः जाऊन मत द्यावं लागतं, शनिवारी किंवा रविवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. फ्लोरीची पहिली नोकरी अबुधाबीची, ओळखपत्रावर पत्ताही तिथल्या जुन्या रूममेटचा दिलेला, म्हणून तिचं केंद्र अबुधाबीला. मधे एक सरहद्द आणि साडेचारशेच्या वर किलोमीटर. रविवारी ओमानमध्ये कामाचा दिवस, तिची ड्युटी. म्हणजे शनिवार.

वाचकहो, हे ऐकताना माझी अवस्था काय झाली असेल! मी तीस वर्षं निवडणुकीची ड्युटी केलेला माणूस. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष. मतदान म्हटलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. मी लगेच घराचा ताबा घेतला. रेमीचा डबा झाला मतपेटी, जेवणाचं टेबल झालं केंद्र, आणि पंधरा वर्षांच्या अ‍ॅश्लीला मी उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून कोपऱ्यात बसवलं.

"सर अंकल, मी काय करू?" तिने अडखळत विचारलं. तिचं मराठी प्रत्येक शब्दाआधी दारावर टकटक करून येतं.

"तू आक्षेप घ्यायचा."

"कशाचा?"

"कशाचाही."

"ओके. तुम्ही खूप मोठा बोलता," तिने आक्षेप घेतला.

मग मी फ्लोरीला सांगितलं की डाव्या तर्जनीचं नेलपॉलिश काढून टाक, शाई नीट बसत नाही. ती म्हणाली, "सर, तिकडे शाई लावतात का?" मी म्हटलं, "शाईशिवाय मतदान होतंच कसं?" तिने बिचारीने एका नखाचं काढलं. पोर्तुगालात शाई लावत नाहीत हे मला नंतर कळलं. तोवर नऊ लाल आणि एक पांढरं नख घेऊन ती अर्धं आखात हिंडली होती.

रेमीला शनिवारी ओव्हरटाइम होता. बायकोने एकटीने एवढ्या लांब जाऊ नये असं त्याला वाटत होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी जातो सोबत." अमिरातीचा व्हिसा मी हौसेने आधीच काढून ठेवला होता, दुबईची उंच इमारत बघायची म्हणून.

"बघा हां सर, तुमच्या भरवशावर सोडतोय," रेमी म्हणाला. माणूस नागरिकशास्त्रात नापास का होतो, ते मला तेव्हा कळलं. भरवसा कुणावर ठेवायचा ते समजत नाही.

रुसैल, दोनदा

फ्लोरी सकाळची ड्युटी आटोपून साडेअकराला आली. सगळं वेळेत होतं. हवा छान, फेब्रुवारीतली, रस्ता असा की पोटातलं पाणी हलू नये. मी पुढच्या सीटवर मांडीवर भाकरवडीचा डबा घेऊन बसलो होतो. रुसैलच्या कारखान्यांच्या रांगा दिसायला लागल्या, कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या होत्या, आणि मी फ्लोरीला म्हणत होतो, "मतदाराने निघताना पहिली गोष्ट काय तपासावी? कागदपत्रं!" असं म्हणून मी खिशाला हात लावला. पासपोर्ट वादी अदाईत उशीखाली होता. चोरीला जाऊ नये म्हणून मीच तिथे ठेवला होता.

फ्लोरीने इंडिकेटर लावला. पुढच्या चौकातून गाडी वळवली. पुन्हा रुसैलला आलो तेव्हा एक वाजून गेला होता.

सोहार

दुसरा उशीर माझ्या पोटाने केला. समुद्राच्या कडेकडेने वर जाणाऱ्या त्या रस्त्यावर, खजुरांच्या बागा संपून सोहारच्या औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या लांबवर दिसू लागल्या की भूक लागतेच, असं माझं म्हणणं. फ्लोरीने डबा आणला होता, गाडीतच खाता आलं असतं. पण मी म्हणालो, "उपाशीपोटी मतदान करू नये. डोकं शांत लागतं." असा कुठलाही नियम नाही. तो मी तिथल्या तिथे केला.

मल्याळी माणसाचं हॉटेल होतं. मी ऐटीत फिश बिर्याणी मागवली. ती परातीत आली. चार माणसांची होती. अन्न टाकायचं नाही हे संस्कार, त्यामुळे मी एकेका घासाने त्या परातीशी लढत राहिलो आणि समोर फ्लोरी मोबाईलवर दोन्ही उमेदवारांच्या मुलाखती भाषांतर करून वाचत राहिली. मधून मधून घड्याळ बघायची. शेवटी म्हणाली, "सर, पार्सल घेऊ या? यल्ला, चला."

पावणेचार वाजले होते.

चौकी

सोहारहून रस्ता समुद्र सोडून डोंगरात शिरतो. कोरड्या नदीच्या पात्राच्या कडेने वर चढत जातो. तिकडे अशा पात्राला वादी म्हणतात. पाणी वर्षातून एखाद्या वेळी येतं, पण येतं तेव्हा ट्रक वाहून नेतं. डोंगर तांबूस, हिरवट, जागोजाग जळल्यासारखे काळे. त्या डोंगरांत ओमानची चौकी आहे. इथे बाहेर पडल्याचा शिक्का, मग थोडं पुढे अमिरातीची चौकी, आणि तिथून अबुधाबी दोन-सव्वादोन तास. साडेचारला आम्ही खिडकीशी होतो. अजून जमत होतं, अगदी थोडक्यात.

फ्लोरीचा शिक्का अर्ध्या मिनिटात झाला. माझा पासपोर्ट त्या तरुण अधिकाऱ्याने हातात घेतला, व्हिसाचा कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या वयाला मान देत तो हळू इंग्रजीत म्हणाला, "हाजी, तुम्ही परत येणार?"

"अर्थात. उद्या. सामान इथेच आहे, विमानही इथूनच आहे."

"मग जाऊ नका. हा ओमानचा व्हिसा एकदाच आत येण्याचा आहे. बाहेर गेलात की खलास."

मी कागद हातात घेतला. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. दहा दिवस तो कागद माझ्याजवळ होता. मी त्यावरचा माझा फोटो कसा आलाय एवढंच पाहिलं होतं. तीस वर्षं लोकांचे कागद तपासण्यात गेली. नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर मी भुवया चढवायचो. आणि आता मी त्या पोराला सांगत होतो की मी सेवानिवृत्त शिक्षक आहे, वसईत मला सगळे ओळखतात. तो ऐकून घेत होता. त्याच्या जागी मी असतो तर एवढं ऐकलं नसतं.

बाहेर आलो. फ्लोरीला सांगितलं. मला वाटलं, आता ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "चला सर, बसा. परत जाऊ."

"अगं, मतदान?"

"तुम्हाला असं डोंगरात सोडून? रेमी मला घरात घेईल का? पाहुणे आहात, सर आहात. बसा."

तिने किल्ली लावली. चेहऱ्यावर काही नाही. ताट उचलून आत गेली होती तेव्हाचाच चेहरा. गाडी मस्कतच्या दिशेला वळायला लागली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चालत्या गाडीचं दार उघडलं. फार चालती नव्हती. तरी उतरताना भाकरवडीचा डबा पडला आणि मी त्याच्यामागोमाग जवळजवळ पडलोच.

"सर! वेड लागलं का तुम्हाला?"

"मी बसणार नाही," मी म्हटलं. "तू वळव तिकडे आणि जा. मी काय तान्हं बाळ आहे?"

"तुम्हाला पासपोर्ट सांभाळता येत नाही!"

हे खरं होतं.

आमचा तमाशा चहाच्या दुकानापाशी उभा असलेला एक दाढीवाला बघत होता. पांढरा अंगरखा, डोक्यावर नक्षीची टोपी, मागे पिकअपमध्ये तीन बकऱ्या. तो पुढे झाला आणि चक्क हिंदीत म्हणाला, "क्या हुआ मास्टरजी? बेटी से झगड़ा?" तो मुराद. बलुची वंशाचा ओमानी, पोलिसातून निवृत्त. ओमानच्याच, पण चौकीपलीकडच्या बुरैमीला दिलेल्या लेकीकडून बकऱ्या घेऊन सोहारला घरी निघालेला. त्या लोकांपैकी पुष्कळांना हिंदी सहज येतं. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मेरे घर चलो. बेटी जाए, वापस आए, तब तक आप मेरे मेहमान."

फ्लोरी गाडीतून उतरली. तिने आधी मुरादचा फोटो काढला, मग गाडीच्या नंबराचा, मग त्याचं ओळखपत्र मागून घेतलं आणि त्याचाही.

"बेटी, मैं पुलिस में था," मुराद हसत म्हणाला.

"इसीलिए ज़्यादा देख रही हूँ, चाचा," फ्लोरी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सर, फोन चालू ठेवा. आणि काही साइन करू नका."

ती गेली तेव्हा पाच वाजत आले होते.

मुरादच्या घरी

परतीच्या रस्त्यावर मुरादने विचारलं, "बेटी को इतनी जल्दी क्या थी?"

"पुर्तगाल का प्रेसिडेंट चुनना है।"

त्याने पिकअपचा वेग कमी केला. मागे बकऱ्या एकमेकींवर आपटल्या. "पुर्तगाली? उन को तो हम ने भगाया था! सोहार का क़िला देखा? उन के पास था।"

"हमने भी भगाया. वसई में. उधर भी क़िला है."

"अच्छा! तुम ने भी भगाया, हम ने भी भगाया, और अब आप अपनी बेटी को उन का बादशाह चुनने भेज रहे हो, मेरी पिकअप के भरोसे?"

त्यानंतर घर येईपर्यंत तो दर दोन मिनिटांनी हसत होता.

त्याच्या घराला बाहेरच्या बाजूने वेगळं दार असलेली बैठकीची खोली होती. मजलिस. आपल्याकडे पाहुणा आला की आधी घरातली माणसं लपवाछपवी करतात, सोफ्यावरचे कपडे उचलतात. इथे पाहुण्याची खोलीच वेगळी, सदा तयार. घरच्यांचा पसारा घरच्यांपाशी. गालिच्यावर बसलो. खजूर आले आणि लिंबाएवढ्या कपात कहवा आला. कप रिकामा झाला की मुराद भरायचा. यजमान देतोय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून मी प्यायचो. नवव्या कपानंतर त्याने दया येऊन सांगितलं की पुरे झालं की कप हातात असा जरा हलवायचा. माझा हात एव्हाना आपोआप हलत होता.

माझा अर्धा जीव घड्याळात होता. साडेसहा. पावणेसात. सात. सात वाजून अकरा मिनिटांनी फोन वाजला.

"सर, दार लावलं."

मी हातातला कप गालिच्यावर ठेवला.

"अमिरातीच्या चौकीवर गर्दी होती. वीस मिनिटं गेली. मी पळत आले पार्किंगपासून. आतले दिवे दिसतायत. गार्ड म्हणतो, वेळ म्हणजे वेळ."

मला एकाएकी डहाणूकडच्या एका पाड्यावरची शाळा आठवली. तिथे मी केंद्राध्यक्ष होतो. सहाच्या ठोक्याला फाटक लावून घेतलं, रांगेतल्यांना शेपटाकडून चिठ्ठ्या वाटल्या, आणि वळलो तर फाटकाबाहेर एक बाई. डोक्यावर लाकडाची मोळी तशीच. कामावरून थेट आलेली. दोन-तीन मिनिटांचा फरक. ती फाटकाचा गज धरून उभी राहिली. मी तिला घड्याळ दाखवलं. रात्री पेट्या जमा करताना मी ही गोष्ट साहेबांना सांगितली होती, शाबासकीसाठी. मिळालीही होती. नियम बरोबरच होता. अजूनही बरोबरच आहे. पण त्या बाईच्या उशिरामागे कुणाचा तरी उशीखाली विसरलेला पासपोर्ट असेल, कुणाची परातभर बिर्याणी असेल, हे माझ्या मनात तेव्हा आलं नव्हतं.

"फ्लोरी, माझं चुकलं," मी म्हटलं. "ये तू परत. जाऊ दे. एका मताने असा काय फरक पडणार आहे?"



"सर, हे तुम्ही बोलताय?"

"अगं, पण दार तर लागलं ना."

"मी येत नाही परत," ती म्हणाली. "माझी जुनी रूममेट आहे इथे, तिच्याकडे झोपते. सकाळी आठला दार उघडतील तेव्हा पहिली मी असणार. मॅनेजरला मेसेज केलाय, उद्या येत नाही म्हणून. खोटं आजारपण नाही सांगितलं. मतदान लिहिलं."

"काय म्हणाले?"

"वॉर्निंग लेटर देणार. सोळा वर्षांतलं पहिलं. पुढच्या आठवड्यात असिस्टंट मॅनेजरसाठी नावं जायची होती, त्यात माझं होतं. आता बघू. इन्शाल्ला." मग जरा हसली. "जेवलात का सर?"

नंतर रेमीचा फोन आला. "सर! मी तुम्हाला पाठवलं होतं तिला सांभाळायला, आणि तुम्ही सोहारला? बकऱ्यांबरोबर?" त्याला कसं समजावलं ते इथे लिहीत नाही. त्याने मला वीसपैकी शून्य दिले असते.

मुरादने सगळं ऐकलं होतं. मराठी कळत नसलं तरी माझा चेहरा कळत होता. जेवताना तो म्हणाला की त्यांच्याकडेही सल्लागार मंडळाची निवडणूक होते, आणि मागच्या वेळी सगळं मतदान मोबाईलवर झालं. "मैं ने बिस्तर में लेटे लेटे वोट दिया. मोज़े भी नहीं पहने थे. आप का तरीक़ा कैसा है? आप तो बड़े अफ़सर थे."

तो काहीच वाईट हेतूने विचारत नव्हता. तरी मी हातातला घास खाली ठेवला. आणि आजवर जे सौभाग्यवतीलाही सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला, परक्या देशात, हिंदीत सांगून टाकलं. मी स्वतः कधीच मत दिलेलं नाही. ड्युटीवरच्या माणसाने टपालाने मत द्यायचं असतं, त्याचा अर्ज भरावा लागतो. दर निवडणुकीला मी इतरांचे अर्ज गोळा करायचो, त्यातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायचो, आणि माझा राहायचा. एकदा मतपत्रिका घरी आलीसुद्धा. ती विम्याच्या कागदांत गेली. आणि निवृत्तीनंतर मतदानाच्या दिवशी घरी असणं हीच मला एवढी चैन वाटली की मी दोन्ही वेळा दुपारपर्यंत झोपलो. इतरांना मात्र शाळेत, चाळीत, लग्नाच्या पंगतीत मतदानाचं महत्त्व सांगत फिरलो.

मुराद हसला नाही. भाताचा मोठा ढीग माझ्याकडे सरकवत म्हणाला, "मास्टरजी, ऐसा बावर्ची मैं ने पहली बार देखा जो सारे गाँव को खिलाए और ख़ुद चखे भी नहीं." मग थोड्या वेळाने, "बेटी आप से अच्छी निकली."

"बेटी नहीं है," मी म्हटलं. "विद्यार्थी की बीवी है."

"तो क्या हुआ," तो म्हणाला.

परत

रविवारी सकाळी मुरादने मला किल्ला दाखवला. पांढरा, रेखीव, नुकता धुऊन ठेवल्यासारखा. आमचा वसईचा त्याच्यासमोर अगदी भणंग दिसेल, पण आमच्यात वडाची झाडं आहेत आणि प्री-वेडिंगचे फोटो काढणारी जोडपी आहेत, असं मी त्याला अभिमानाने सांगितलं.

फ्लोरी दुपारी एकच्या सुमाराला आली. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. मुरादच्या बायकोने आतून तिच्यासाठी हलव्याचा डबा पाठवला. फ्लोरीने मुरादला वाकून नमस्कार केला, तो गडबडला, आणि आम्ही निघालो. सोहार मागे पडेपर्यंत मी विचारलं नाही. मग राहवेना.

"झालं?"

"झालं."

"रांग होती?"

"कसली रांग! मी एकटीच. पहिल्या मजल्यावर एक खोली, टेबलाशी तिघंजण, बाजूला पेटी. मशीन नाही सर, कागद. दोघांची नावं, समोर चौकोन, फुली मारायची आणि चार घड्या घालायच्या."

"कागद!" मी नापसंतीने म्हणालो. केंद्राध्यक्ष मरत नाही लवकर.

"टेबलावर एक म्हातारीशी बाई होती," फ्लोरी सांगू लागली. रस्त्यावरची नजर तिने काढली नाही. "तिने माझं कार्ड घेतलं, यादीत बोट फिरवलं, आणि मोठ्याने नाव वाचलं. सगळं. मारिया फ्लोरिंदा रोझारियो. माझ्या बाबांचं आडनाव. लग्नाआधीचं. हॉटेलात मी मॅडम फ्लोरी. चर्चमध्ये रेमीची बायको. शाळेत अ‍ॅश्लीची मम्मी. हे पूर्ण नाव बाबा गेल्यापासून कुणी घेतलं नव्हतं, सर. दमणला ते रागावले की असं पूर्ण घ्यायचे. अगदी तसंच, तोच सूर. र असा घशात."

"मग?"

"मग काय, मी सरळ उभी राहिले आणि म्हटलं, 'हजर!'"

"मराठीत?"

"तोंडातून गेलं! त्या तिघांना काय कळणार. पण ती बाई हसून मान हलवून म्हणाली, बोआ, बोआ. म्हणजे छान. आणि कागद दिला." तिने एक ट्रक मागे टाकला. "फुली मारायच्या आधी रडू आलं. पडद्यामागे होते ते बरं झालं. कुणाला दिलं ते विचारू नका हां."

मी विचारणार नव्हतो. दोन्ही बाजूंना खजुरांच्या बागा मागे पळत होत्या. तिचा मोबाईल दोनदा वाजला. हॉटेलचा नंबर होता. तिने तो उलटा करून ठेवला.

"तुम्ही पण वाचायचा ना नावं, सर?" तिने विचारलं. "ड्युटीला?"

"हो तर. पहिला मतदान अधिकारी असताना वाचायचो. हजारो वाचली."

"कशी वाचायचात? म्हणून दाखवा ना."

मी घसा साफ केला आणि माझ्या जुन्या आवाजात, एका दमात, नाकातून म्हणून दाखवलं, "अनुक्रमांक चारशे बारा रोझारियो फ्लोरिंदा मारिया स्त्री पुढे."

ती इतकी हसली की तिला गाडी डाव्या लेनमधून बाजूला घ्यावी लागली. "एवढं फास्ट? सर, त्या माणसाला कळायचं तरी का की आपलं नाव घेतलं?"

उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं, त्यांनी आपल्या यादीत खूण करावी, एवढ्यासाठीच ते वाचायचं असतं. प्रशिक्षणात तसंच सांगतात, आणि मी पुढे कित्येकांना तसंच शिकवलं. ज्याचं नाव आहे तोही समोर उभा राहून ते ऐकतो, ही गोष्ट कुठल्याच पुस्तिकेत नव्हती.

"सांगा ना, कळायचं का?" फ्लोरीने पुन्हा विचारलं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "मी यादीतून मान वर करून कधी पाहिलंच नाही."